व्हिस्कीतला मका

मक्याची गाडी बाजार समितीत लागली की व्यापारी मूठभर दाणे उचलतो, ओलावा मोजायच्या यंत्रात घालतो, उरलेले तळहातावर पसरून बुरशी, कीड, फुटके दाणे पाहतो आणि भाव पुकारतो. मालेगावला हेच, छत्रपती संभाजीनगरला हेच, आणि अमेरिकेतल्या धान्य कोठारांवरही थोड्याफार फरकाने हेच. तिथल्या सरकारी प्रतवारीत ‘नंबर दोन पिवळा मका’ म्हणजे एका बुशेलचं वजन किमान 54 पौंड, खराब दाणे 5 टक्क्यांपर्यंत, फुटके दाणे आणि कचरा 3 टक्क्यांपर्यंत. दाणा तोंडात टाकून चावून बघायची पद्धत कुठेच नाही. कोंबडीखाद्याच्या गिरणीला, स्टार्चच्या कारखान्याला आणि इथेनॉलच्या टाकीला चवीशी काही देणंघेणं नसतं. मग शेतकऱ्याने तरी ती का बघावी?

शिकागोपासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर इलिनॉय राज्यात डीकाल्ब नावाचं गाव आहे. आपल्या मका उत्पादकांना हे नाव परकं नाही. पंख फुटलेल्या कणसाचं चित्र असलेली संकरित बियाण्याची पिशवी आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात मिळते, ती याच गावाच्या नावाची. 1930च्या दशकात इथल्या कंपनीने संकरित मका शेतोशेती पोहोचवला. त्या काळी अमेरिकेत मक्याचा उतारा सरासरी एकरी 25 बुशेलच्या आसपास, म्हणजे साधारण साडेसहा क्विंटल होता. आता तो 175 बुशेलच्या घरात, एकरी 44 क्विंटलच्या वर गेला आहे. ही झेप थक्क करणारी आहे आणि ती घेतली तेव्हा चवीचा विचार कुणी केला नाही, याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही.

त्याच डीकाल्बमध्ये आज एक शेतकरी कुटुंब स्वतःच्या रानातलं धान्य स्वतःच दळून, आंबवून, गाळून बाटलीत भरतं. व्हिस्की एकर्स हे त्या डिस्टिलरीचं नाव. नेहमीच्या पिवळ्या मक्याखेरीज त्यांनी निळ्या पॉपकॉर्नच्या मक्याचीही व्हिस्की काढून पाहिली आहे. अशा शेतावरच्या छोट्या डिस्टिलऱ्या गेल्या वीसेक वर्षांत अमेरिकेत ठिकठिकाणी उभ्या राहिल्या: केंटकीत शेल्बीव्हिलला जेप्था क्रीड, नेवाडाच्या कोरड्या मुलखात फॅलनला फ्रे रँच, विस्कॉन्सिनमध्ये जे. हेन्री अँड सन्स. दाण्यातली चव दळण, शिजवण, आंबवण आणि उकळी, एवढ्या सगळ्या हालांतून बाटलीपर्यंत टिकते का, हा प्रश्न या लोकांनी धंदा म्हणून विचारला. माझ्या मते उत्तर ‘हो’ असं आहे. ते रसायनशास्त्राच्या अंगाने तपासून पाहण्यासारखं आहे, कारण त्या उत्तरामुळे मक्याचं बियाणं निवडायला एक नवं कारण मिळालं.

हे पारखायला कॉर्न व्हिस्कीसारखं दुसरं पेय नाही. अमेरिकेची प्रसिद्ध बर्बन मक्याचीच असते. कायद्याने तिच्यात किमान 51 टक्के मका लागतो. पण ती आतून जाळून कोळसा केलेल्या नव्या ओकच्या पिंपात ठेवावी लागते. बर्बनचा तपकिरी रंग, व्हॅनिला, कॅरॅमल, लवंगेची छटा हे सगळं मुख्यतः त्या जळक्या लाकडाचं देणं. कॉर्न व्हिस्कीत मका किमान 80 टक्के हवा आणि पिंपात मुरवण्याची सक्ती मुळीच नाही. मुरवायचीच झाली तर पिंप एकतर आधी वापरलेलं असलं पाहिजे, नाहीतर न जाळलेलं. म्हणजे लाकडाचा आवाज कायद्यानेच खाली आणला आहे. न मुरवलेली कॉर्न व्हिस्की दिसायला पाण्यासारखी नितळ असते. तिच्यात जे काही आहे ते धान्याचं, यीस्टचं, तांब्याच्या भांड्याचं आणि गाळणाऱ्या माणसाच्या नाकाचं.

एके काळी हा शेतीचाच भाग होता. अ‍ॅपलेशियन डोंगरांपलीकडे स्थायिक झालेल्या शेतकऱ्यांना मक्याची पोती खेचरांवरून पूर्वेच्या बाजारात नेणं परवडत नसे. तेच धान्य गाळून पिंपात भरलं की वजन घटे, किंमत वाढे आणि नासण्याची भीतीही राहत नसे. 1920 ते 1933 या दारूबंदीच्या काळात ही घरगुती भट्टी एकतर बंद पडली किंवा जंगलात लपली. बंदी उठली तेव्हा परवाने घेऊन उभे राहिले ते मोठे कारखाने. शेतावरच्या भट्टीला पुन्हा जागा मिळाली ती राज्याराज्यांनी कायदे बदलल्यावर. न्यूयॉर्क राज्याने 2007 साली शेत-डिस्टिलरीचा स्वस्त परवाना आणला आणि अट घातली की कच्चा माल किमान 75 टक्के राज्यातल्याच शेतांतला हवा.

आता दाण्याकडे येऊ. व्हिस्कीसाठी वापरतात तो मका कोवळा, गोड, उकडून खायचा नव्हे. तो ताटावर पूर्ण वाळू दिलेला, टणक, डोक्यावर खळी पडलेला ‘डेंट’ मका. त्याच्या वजनात सत्तरेक टक्के स्टार्च, नऊ-दहा टक्के प्रथिनं आणि चारेक टक्के तेल असतं. तेलाचा मोठा वाटा दाण्याच्या टोकाशी असलेल्या इवल्या अंकुरात असतो. ही तेलाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

यीस्टला स्टार्च खाता येत नाही, साखर लागते. आणि स्टार्च तर घट्ट कणांत बंद असतो. म्हणून दळलेला मका आधी पाण्यात शिजवतात. साधारण 62 ते 72 अंश सेल्सियसच्या दरम्यान स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात. भरड्याचे जाड तुकडेही आतपर्यंत शिजावेत म्हणून प्रत्यक्षात तापमान 85-90 अंशांच्या पुढे नेतात. या टप्प्यावर टाकीतलं मिश्रण पिठल्यासारखं दाटतं, गुठळ्या धरतं, ढवळणाऱ्या पंख्याची मोटर कण्हायला लागते. मग ते 65 अंशांच्या आसपास निववून त्यात मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं, म्हणजे सातूचं पीठ घालतात. मोड येताना बार्लीत अमायलेज नावाची विकरं तयार झालेली असतात. ती स्टार्चची लांबलचक साखळी कापत सुटतात. अर्ध्या-पाऊण तासात ते दाट मिश्रण पातळ होतं. बोट बुडवून चाखलं तर गोड लागतं. मघाशी जे पिठासारखं बेचव होतं, त्याला आता साखरेची गोडी आहे आणि बाहेरून साखरेचा एक कणही घातलेला नाही. मला या साऱ्या प्रक्रियेतला हा सर्वांत सुंदर क्षण वाटतो.

इलिनॉयमध्ये उभं राहून विकरांबद्दल बोलायचं तर जोकिची ताकामिने यांचं नाव घ्यायलाच हवं. डीकाल्बपासून गाडीने दोनेक तासांवर पिओरिया हे शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते अमेरिकेतलं व्हिस्कीचं मोठं केंद्र होतं. 1890 साली हा जपानी रसायनतज्ज्ञ अमेरिकेत आला तो एक अफलातून कल्पना घेऊन. जपानमध्ये भातावर कोजी नावाची बुरशी वाढवून साके बनवतात. ती बुरशी, अ‍ॅस्परजिलस ओरायझी, बार्लीच्या मोडाचं काम जास्त जलद आणि स्वस्तात करू शकते, हे त्यांनी पिओरियात दाखवून दिलं. माल्ट बनवणाऱ्यांना हे मुळीच रुचलं नाही. विरोध झाला, आग लागून काम बुडालं आणि व्हिस्कीचा प्रयोग मागे पडला. पण त्याच बुरशीतून काढलेल्या विकराचं पेटंट त्यांनी 1894 साली घेतलं आणि पचनाचं औषध म्हणून ते जगभर विकलं गेलं. आपल्या औषधाच्या दुकानातल्या पचनाच्या गोळीच्या वेष्टनावर ‘फंगल डायास्टेज’ असं छापलेलं असतं ना, ते याच कुळातलं. पुढे 1901च्या सुमारास अ‍ॅड्रेनलिन शुद्ध स्वरूपात वेगळं करण्याचं श्रेयही ताकामिने यांच्याकडेच जातं. आज शंभर टक्के मक्याची व्हिस्की करायची असेल तर सातूच्या जागी बुरशीपासून मिळवलेली विकरंच बहुतेक ठिकाणी वापरतात.

पिओरियाने मक्याच्या आणि सूक्ष्मजीवांच्या जोडीतून जगाला आणखी एक देणगी दिली. 1941 साली तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत पेनिसिलिनचं उत्पादन वाढवण्याचं काम सुरू झालं. मक्यापासून स्टार्च काढताना उरणारं, दाणे भिजवलेलं पाणी बुरशीला खाऊ घातल्यावर उत्पादन कित्येक पटींनी वाढलं. महायुद्धातल्या असंख्य जखमी सैनिकांचे प्राण वाचले त्यात त्या फेकून द्यायच्या पाण्याचा वाटा होता.

तर, गोड झालेल्या मिश्रणात यीस्ट सोडतात. तीन ते पाच दिवस ते खदखदतं. रसायनाचा हिशेब साधा आहे: एक किलो ग्लुकोजपासून जास्तीत जास्त 511 ग्रॅम अल्कोहोल होतं आणि उरलेला जवळजवळ अर्धा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. पण चवीच्या दृष्टीने महत्त्वाची असतात ती या धबडग्यात किरकोळ प्रमाणात तयार होणारी इतर रसायनं. यीस्ट आम्लं आणि अल्कोहोल जोडून एस्टर बनवतं. त्यातल्या एकाचा वास पिकल्या केळ्याचा, दुसऱ्याचा सफरचंदाचा. हवेतले, धान्यावरचे लॅक्टोबॅसिलस जिवाणूही हात धुऊन घेतात आणि आंबूसपणा आणतात. मक्याच्या दाण्याला सातूसारखं गाळणीचं काम करणारं टरफल नसल्यामुळे अमेरिकेत भरडा गाळून वेगळा न करता सगळं एकत्रच आंबवतात आणि बऱ्याच ठिकाणी एकत्रच भट्टीतही घालतात. म्हणजे ऊर्ध्वपातन चालू असतानाही धान्य शिजतच असतं. चवीला याचा फायदा होतो. तळाला लागून करपण्याचा धोका मात्र डोक्यावर राहतो, म्हणून भट्टी थेट आगीवर न ठेवता वाफेने तापवतात.

आंबवणानंतर हाती येतं ते आठ-नऊ टक्के अल्कोहोल असलेलं, मळकट पिवळं, आंबट पेय. त्यातून व्हिस्की काढायची कला ही खरं तर कुठे थांबायचं याची कला आहे. अल्कोहोल 78.4 अंशांना उकळतं, पाणी 100ला. या फरकावर सगळा खेळ. पण भट्टीत काही फक्त दोनच द्रव नसतात. अ‍ॅसिटाल्डिहाइड 20 अंशांनाच उडू लागतं, त्याचा वास कच्च्या सफरचंदाचा, टोचरा. त्याच्याबरोबर येतं इथाइल अ‍ॅसिटेट, नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा वास असलेलं. ही पहिली धार बाजूला काढतात. मग येते मधली धार, स्वच्छ, गोडसर, धान्याची. शेवटच्या धारेत जड अल्कोहोलं आणि मेदाम्लं यायला लागतात. भिजलेल्या पुठ्ठ्याचा, ओल्या कुत्र्याच्या अंगाचा वास सुटतो. पहिलीतून मधलीत कधी शिरायचं आणि मधली कधी तोडायची हे गाळणारा नाकाने ठरवतो. यंत्र अल्कोहोलचं प्रमाण सांगतं, पण वास सांगत नाही. मक्याचा खरा दाणेदार, तेलकट गंध शेवटच्या धारेच्या उंबरठ्यावर असतो. फार लवकर तोडलं तर व्हिस्की पोकळ लागते, फार उशीर केला तर कुबट. कायद्यानेही इथे मदत केली आहे: कॉर्न व्हिस्की 80 टक्क्यांपेक्षा जास्त तीव्रतेची गाळता येत नाही. त्याच मक्याची वोडका करायची तर ती अमेरिकेत किमान 95 टक्क्यांपर्यंत न्यावी लागते. तिथवर पोहोचेपर्यंत दाण्याची जवळपास सगळी ओळख पुसली जाते.

तांब्याचं भांडं वापरतात ते दिसायला देखणं म्हणून नव्हे. यीस्ट गंधकाची संयुगं तयार करतं, त्यांना शिजलेल्या कोबीसारखा वास असतो. वाफ तांब्यावर घासत जाते तेव्हा गंधक तांब्याला चिकटून राहतं.

पहिल्या धारेबद्दल एक गैरसमज आपल्याकडे खोल रुजला आहे आणि तो जिवाशी संबंधित असल्यामुळे इथे थांबून सांगितलंच पाहिजे. पहिली धार ओतून टाकली की विषारी मिथेनॉल गेलं, असं मानतात. मिथेनॉल 64.7 अंशांना उकळतं खरं, पण पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणात ते इतकं नीट वेगळं होत नाही. ते थोडं थोडं करून सगळ्या धारांत येत राहतं. धान्याच्या दारूत काळजी नसते ती वेगळ्या कारणाने: मिथेनॉल मुख्यतः फळांतल्या पेक्टिनपासून तयार होतं आणि मक्यात पेक्टिन नावालाच असतं. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं दगावली ती आंबवताना काही बिघडलं म्हणून नव्हे. उद्योगांत वापरायचं मिथेनॉल त्यांच्या पेल्यात आलं होतं. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, दृष्टीची नस जळते आणि मग जीव जातो. विकत आणलेलं मिथेनॉल पुन्हा कितीही उकळलं तरी ते मिथेनॉलच राहतं.

भट्टीच्या तळाशी उरलेला लगदा जनावरांकडे जातो. स्टार्च संपलेला असला तरी प्रथिनं, तेल आणि तंतू तिथेच असतात, उलट आता जास्त दाट प्रमाणात. मक्याच्या वजनाचा ढोबळमानाने एक तृतीयांश अल्कोहोल होतो, एक तृतीयांश वायू होऊन जातो आणि एक तृतीयांश आंबोण म्हणून गोठ्यात पोहोचतो. पिओरियातल्या मोठ्या कारखान्यांनी 1887 साली एकत्र येऊन जो ट्रस्ट काढला त्याच्या नावातच ‘डिस्टिलर्स’ आणि ‘कॅटल फीडर्स’ हे दोन शब्द शेजारी शेजारी होते. छोट्या शेताला हा हिशेब जास्त चांगला जमतो. जनावरं शेजारीच असतात, ओला लगदा वाळवायचा खर्च वाचतो आणि शेण पुन्हा मक्याच्याच रानात पडतं.

आता पेल्याकडे. अशा शेतावरची न मुरवलेली कॉर्न व्हिस्की चाखताना मी पेला नाकात खुपसत नाही. हनुवटीशी धरून तोंड किंचित उघडं ठेवते. अल्कोहोलची पहिली वाफ निघून गेली की मागून मका येतो. भाजलेल्या कणसाचा वास नव्हे, तर हिरवी साल सोलताना येतो तो, आणि जात्याखालच्या ताज्या पिठाचा. भाजक्या वासाची अपेक्षा करणं चूकच. पॉपकॉर्नला जो खमंग वास येतो त्यामागचा प्रमुख रेणू 2-अ‍ॅसिटाइल-1-पायरोलिन. आपल्या आंबेमोहोर आणि बासमती तांदळाचा सुवासही याच रेणूचा. पॉपकॉर्नमध्ये तो कोरड्या, कडक आचेने तयार होतो, आणि व्हिस्कीचा मका तर पाण्यात शिजलेला असतो.

त्याखाली एक गोड, खोबऱ्यासारखा पदर असतो. 2008 साली जर्मनीत बर्बनचं गंध-विश्लेषण झालं होतं. यंत्राने एकेक रेणू वेगळा करायचा आणि यंत्राच्या नळीच्या टोकाशी बसलेल्या माणसाने तो हुंगायचा, अशी ती पद्धत. त्यात महत्त्वाच्या ठरलेल्या गंधरेणूंत गॅमा-नोनालॅक्टोन होता, ज्याला खोबऱ्याचा वास येतो. असे लॅक्टोन मेदाम्लांपासून बनतात. म्हणजे अंकुरातलं ते तेल इथे नाकाला भेटतं. त्याच यादीत बीटा-डॅमासेनोन होता. हा रेणू पहिल्यांदा गुलाबाच्या तेलात सापडला. अब्जात एक भागाच्याही कितीतरी खाली असला तरी आपलं नाक त्याला पकडतं. शिजवलेल्या सफरचंदाचा, मधाचा जो भास व्हिस्कीत होतो, त्यात याचा हात मोठा आहे.

घोट जिभेवर घेतला की जळजळ होते. ती चव नव्हेच. आपल्या चेतातंतूंवर टीआरपीव्ही-1 नावाचा ग्राहक रेणू असतो. त्याचं काम उष्णतेची सूचना देणं. साधारण 42 अंशांच्या पुढे गेलं की तो मेंदूला ‘भाजतंय’ म्हणून कळवतो. मिरचीतलं कॅप्सेसिन याच रेणूला चिकटतं, म्हणून ठेचा थंडगार असला तरी तोंड पोळतं. अल्कोहोल वेगळ्या मार्गाने तेच साधतं: ते या रेणूचा उंबरठा 34 अंशांच्या आसपास खाली आणतं. मग आपल्या तोंडाची स्वतःची ऊबच आपल्याला जाळायला लागते.

म्हणून मी पाणी घालते, थेंबाथेंबाने. यात कमीपणा मानणाऱ्यांनी स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठाच्या ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रिडमन यांचं 2017 सालचं संशोधन पाहावं. त्यांनी संगणकावर रेणूंची हालचाल तपासली. व्हिस्कीतला ग्वायाकॉल नावाचा धुरकट गंधरेणू अल्कोहोल 45 टक्क्यांपर्यंत असताना पृष्ठभागावर, हवेच्या जवळ राहतो. 59 टक्क्यांच्या वर गेलं की अल्कोहोलचे रेणू त्याला वेढून आत ओढतात. पृष्ठभागावर असलेलाच रेणू नाकापर्यंत पोहोचणार. पाणी घातल्यावर कॉर्न व्हिस्की कधी कधी धुकट होते. तेही अंकुराचंच देणं. मेदाम्लांची एस्टरं अल्कोहोलमध्ये विरघळतात, पाण्यात नाही, म्हणून ती सूक्ष्म थेंबांच्या रूपात बाहेर येतात. मोठे कारखाने ग्राहकाला धुकं आवडत नाही म्हणून व्हिस्की थंड करून ही तेलं गाळून टाकतात. शेतावरचे लोक सहसा टाकत नाहीत. ते शहाणपणाचं आहे, कारण घोट गिळल्यावर टाळूला जी मऊ, तुपकट भावना उरते ती याच तेलांची.

शेवटी एक थेंब तळहातावर घेऊन दोन्ही हात चोळायचे. गाळणारे हे रोज करतात. अल्कोहोल काही सेकंदांत उडून जातं आणि हातावर नुसता मका राहतो. चाखण्यासाठी यापेक्षा जास्त लागत नाही. परीक्षक तर घोट थुंकूनच टाकतात. अल्कोहोलला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने निश्चित कर्ककारकांच्या यादीत घातलेलं आहे आणि शेतावर गाळली म्हणून व्हिस्की त्या यादीतून सुटत नाही.

आता मूळ प्रश्न. मका बदलला तर व्हिस्की बदलते का? लाल किंवा निळ्या मक्याची व्हिस्की लाल-निळी होत नाही, हे आधी सांगायला हवं. तो रंग अँथोसायनिनचा असतो आणि ते उडत नाही. वाफेबरोबर वर न येता तळाच्या लगद्यात राहतं. बाटलीवरच्या लाल कणसाच्या चित्रावर जाऊन चव ठरवू नये. पण न दिसणारे फरक वर येतात. 2019 साली टेक्सासमधल्या संशोधकांनी ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. नेहमीचे, व्यापारी पिवळ्या मक्याचे वाण टेक्सासच्या वेगवेगळ्या भागांत लावले, प्रत्येकाची एकाच पद्धतीने लहान भट्टीत दारू गाळली आणि प्रशिक्षित चाखणाऱ्यांसमोर ठेवली. वाणानुसार चव बदलली आणि जमिनीनुसारही बदलली. मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की हे काही दुर्मीळ देशी वाण नव्हते. बाजारात एकाच भावाने, एकाच ढिगात जाणारे होते. प्रतवारीला जे सारखे दिसत होते ते जिभेला सारखे नव्हते.

मग देशी वाणांत काय असेल? दक्षिण कॅरोलिनातल्या ‘जिमी रेड’ मक्याची गोष्ट यासाठी सांगतात. गर्द लाल दाण्याचा हा मका चोरून दारू गाळणाऱ्यांचा आवडता. ती माणसं संपत गेली तसा मकाही संपत आला. अखेरची दोन कणसं हाती लागली आणि त्यांतून वाण पुन्हा वाढवला, असं सांगितलं जातं. चार्ल्स्टनच्या हाय वायर डिस्टिलरीने तो आंबवला तेव्हा टाकीवर तेलाचा जाड थर तरंगू लागला. त्या अंकुरात तेल इतकं होतं. विस्कॉन्सिनच्या जे. हेन्री कुटुंबाचा लाल मका तर विद्यापीठाने 1939 साली तयार केलेला; उतारा कमी म्हणून जगाने सोडला, त्यांनी धरून ठेवला. केंटकीतली जेप्था क्रीड ‘ब्लडी बुचर’ हा एकोणिसाव्या शतकातला लाल वाण लावते. या सगळ्यांचं उत्पन्न संकरित मक्यापेक्षा कमी येतं. प्रतवारीच्या बाजारात हे वाण तोट्यातच जातील. बाटलीत मात्र 25 किलो मक्याच्या एका बुशेलपासून चांगल्या व्यवस्थेत वीस-बावीस लिटर व्हिस्की निघते, आणि कमी उताऱ्याचा तोटा तिथे भरून निघू शकतो.

असा वाण राखणं कष्टाचं काम आहे. मक्याचा पराग वाऱ्याने दूरवर जातो. शेजारच्या शेतातल्या संकरित मक्यापासून निदान दोनशे मीटर अंतर ठेवावं लागतं, नाहीतर पेरणी मागेपुढे करून तुऱ्याची वेळ चुकवावी लागते. त्यातल्या त्यात मका या बाबतीत प्रामाणिक आहे. पराग परका असेल तर पुढच्या पिढीची वाट बघावी लागत नाही, त्याच कणसावर वेगळ्या रंगाचे दाणे उमटू शकतात. पांढऱ्या कणसात दोन-चार पिवळे दाणे दिसले की शेतकऱ्याला कळतं, वारा कुठून आला.

नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या बाजूला सातपुड्यात बियाण्याची निवड आजही हाताने होते. तिथे मका कोंबड्यांसाठी नसतो, भाकरीसाठी असतो. भिल्ल आणि पावरा कुटुंबांनी मक्याचे कितीतरी स्थानिक वाण जपले आहेत आणि बायफ या संस्थेने त्यांच्यासोबत बियाणे बँका उभ्या केल्या आहेत. जो मका रोज तोंडात जातो त्याची चव पाहूनच बी ठेवलं जातं. पुण्यातल्या प्रयोगशाळांनी आंबेमोहोर आणि इंद्रायणीच्या सुगंधातले रेणू शोधून मोजलेले आहेत. तीच यंत्रं, तीच पद्धत सातपुड्याच्या मक्याला लावता येईल: वाणावाणाची भाकरी भाजायची, वाफ पकडायची, रेणू वेगळे करायचे, आणि नळीच्या टोकाशी हुंगायला ज्या बायका ते बी राखतात त्यांनाच बसवायचं.